सूचना : रविवारचे वस्तुचित्रण

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत आपल्या चित्रशाळेत रोजच्या वापरातील वस्तूंचे चित्रण होईल. प्रत्येकाने घरातील एकच वस्तू आणावी. ती पोचे आलेली असली तर उत्तमच, कारण इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांडी (१८९०–१९६४) यांनीही वर्षानुवर्षे त्याच जुन्या बाटल्या आणि बरण्या पुन्हापुन्हा मांडून रंगविल्या.

१. प्रकाश केवळ खिडकीचा असेल. सावली सरकत जाते, म्हणून तिच्या कडा सुरुवातीलाच आखून घ्याव्यात.
२. मांडलेल्या वस्तूंना कोणीही हात लावू नये.
३. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात; त्या पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यातच टाकाव्यात.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सचिवांना कळवावे.