गुण्याखालचा उजेड दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपले नाव कुठे लिहू नये असे तुम्ही मला दारातच बजावले होते, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र सर्वांसमोर लिहिते आहे, कारण गेल्या रविवारी टेबलाचा शेवटचा सांधा बसला आणि तेव्हापासून हे कोणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही. तुमच्यासमोर बोलायला गेले असते तर तुम्ही नेहमीप्रमाणे चहाचे विचारून विषय बदलला असता.

ठाण्याच्या नौपाड्यातील आजोबांची चाळ पुनर्विकासासाठी पाडली, तेव्हा आमच्या खोलीच्या दाराची सागवानी चौकट मी मजुरांकडून मागून घेतली. तिचे आईसाठी लिहिण्याचे टेबल करायचे, आणि ते स्वतःच्या हाताने करायचे, असे ठरवले होते. चार पाय आणि त्यांना जोडणाऱ्या चार पट्ट्या, म्हणजे पायाच्या खाचेत शिरणारे पट्ट्यांच्या टोकांचे आठ कुसवे, आणि प्रत्येक कुसवाच्या दोन्ही अंगांच्या, पायाला टेकणाऱ्या कडा, म्हणजे खांदे, एकूण सोळा. करवतीने कापलेला खांदा आखणीवर तंतोतंत उतरत नाही. तो हलक्या हाताने छाटून आखणीपर्यंत आणावा लागतो, आणि त्यासाठीच शोल्डर प्लेन नावाचा अरुंद रंधा असतो. त्याचे पाते अंगाच्या पूर्ण रुंदीचे, किंबहुना केसभर जास्त रुंद असते, त्यामुळे कुसवाच्या बाजूला टेकवून तो थेट कोपऱ्यापर्यंत कापत जातो. साध्या रंध्याला ते जमत नाही, कारण त्याच्या पात्याच्या दोन्ही बाजूंना लोखंड असते.

एवढे मी वाचून शिकले होते. पुढचे शिकवायला कोणी तयार नव्हते, आणि ते दुःख अजून पुरते गेलेले नाही. ज्या दुकानातून मी पाऊण इंची शोल्डर प्लेन घेतला, तिथे मी काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहू का असे विचारल्यावर ‘मॅडम, मिस्त्रीला घेऊन या’ असे उत्तर मिळाले. सांध्याच्या बाहेरच्या कडेला पोस्टकार्ड शिरेल एवढी फट राहू लागली, तेव्हा मी रंधा परत घेऊन गेले. वापरलेली वस्तू बदलून मिळत नाही, असे सांगून त्यांनी तो काउंटरवर माझ्याकडे सरकवला. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या एका मिस्त्रींनी फटीत भुगा आणि फेव्हिकॉल भरण्याचा सल्ला दिला. पॉलिशखाली काही दिसत नाही, असे ते म्हणाले. धार लावून देणाऱ्या एका गृहस्थांनी पाते कोरड्या ग्राइंडरवर असे दाबून धरले की त्याच्या एका कोपऱ्यावर निळी झाक चढली, आणि त्यासाठी त्यांनी माझ्याकडून पैसेही घेतले. निळा रंग म्हणजे पात्याचे पाणी उतरले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. चार महिन्यांत एकाही माणसाने तो रंधा नीट हातात घेऊन पाहिला नाही. दोष माझ्या हातात आहे असे प्रत्येकाने न पाहताच ठरवले, आणि शेवटी मीही तसेच मानू लागले होते.

वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये उभे आयुष्य काढलेला माणूस पाचपाखाडीत आमच्या मागच्याच गल्लीत राहतो, हे मला एका शेजारणीने सांगितले. तुम्ही सुतार नव्हे, लोखंडाचे कारागीर. मी बिचकतच आले होते. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेला रंधा काढला. तुम्ही पाते सैल करून बाजूला ठेवले, तळ आणि बाजू फडक्याने पुसल्या, आणि काही न बोलता उठलात.

आता मी जे लिहिते आहे, त्यासाठीच हे पत्र आहे. तुम्ही ट्यूबलाइट बंद केली. पंखा बंद केला. खिडकीचे एक दार लोटून घेतले, म्हणजे उजेड एकाच बाजूने येऊ लागला. मग गुण्या आणि रंधा दोन्ही माझ्या हातात देऊन म्हणालात, ‘ताई, खिडकीकडे धरा आणि बघा.’ काय दिसेल ते सांगितले नाही. मी गुण्याचे एक अंग रंध्याच्या बाजूला टेकवले आणि गुण्याचे पाते रंध्याच्या तळावर आणले. आधी मला काहीच दिसले नाही. तुम्ही घाई केली नाही, माझा हात धरून वळवलाही नाही, फक्त शेजारी उभे राहिलात. बराच वेळ गेला, आणि मग गुण्याच्या टोकाखाली उजेडाची एक बारीक रेघ दिसली, एका बाजूला निमुळती होत गेलेली. मी म्हटले, ‘दिसलं.’ तुम्ही म्हणालात, ‘मग हात तुमचा वाकडा नाही, तळ वाकडा आहे.’

तेवढ्या एका वाक्याने मला हुंदका आला होता, आणि तो तुमच्या लक्षात येऊनही तुम्ही पाते न्याहाळत बसलात. तळ बाजूशी काटकोनात नसेल, तर रंधा कुसवाच्या बाजूला कितीही नीट टेकवला तरी खांदा तिरपाच कापला जाणार. आतला कोपरा उंच राहतो आणि बाहेरची कड उघडी पडते. चार महिने मी त्या फटीकडे पाहत होते आणि तिचे कारण रोज माझ्या मुठीत होते.

तळ सपाट करण्याचे काम जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवून झाले, आणि त्यात तीन संध्याकाळी गेल्या. पाते आत ओढून घेतलेले पण आवळलेले असले पाहिजे, कारण आवळण्याच्या ताणाने अंग किंचित वाकते आणि तो ताण असतानाच तळ सरळ यायला हवा, हे तुम्ही समजावून सांगितलेत. बाजूंना मात्र हात लावू दिला नाहीत. त्या समांतर होत्या, त्यांच्याच आधाराने तळ आणायचा होता. निळा झालेला भाग संपेपर्यंत पाते दगडावरच, पाणी घालत, झिजवायला लावलेत. जवळजवळ दोन मिलिमीटर पोलाद गेले. कार्बन पोलाद साधारण 300 अंशांना निळे पडते आणि बोटाला चटका त्याच्या कितीतरी आधी बसतो, म्हणून बोट पात्यापासून दूर जाऊ द्यायचे नाही, हा तुमचा नियम मी अजून पाळते.

या रंध्याचे पाते धारेचा उतार वर करून बसते, आणि माझ्या रंध्यात त्याची बैठक 20 अंशांची आहे. त्यावर 25 अंशांची धार घेतली की कापण्याचा कोन 45 होतो. हे गणित तुम्ही शिसपेन्सिलीने माझ्या वहीत मांडून दिले, पण त्याहून जास्त वेळ दिला तो पात्याची धार त्याच्या बाजूशी काटकोनात आहे की नाही हे पाहण्यात. तिथे अर्धा अंश चुकला तरी पात्याचा एक कोपरा खोल जातो, आणि या रंध्यात पाते कलते करून चूक झाकायला जागाच नसते. पहिला तलम छिलका निघाला, तो तुमच्या हातून नव्हे, माझ्या हातून. तुम्ही रंध्याला तेव्हा स्पर्शही केला नाही.

काका, ज्याला काम येते त्याने समोरच्याला लहान न करता ते दाखवावे, एवढीच अपेक्षा घेऊन माणूस दुसऱ्याच्या दारात जातो. कारागिराचे खरे मोठेपण मला तुमच्या गप्प बसण्यात दिसले. माझी वस्तू स्वस्तातली होती, माझे प्रश्न बाळबोध होते, आणि तरीही तुम्ही त्या वस्तूला जसे जपून हाताळले तसे ती विकणाऱ्यानेही हाताळले नव्हते. पैशांचे नाव काढल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जी नाराजी आली, ती पाहून मला माझीच लाज वाटली.

आता टेबलाविषयी. सागवानात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे दर तीन-चार खांद्यांनंतर पाते दगडावर न्यावे लागले. दोन्ही कडांकडून मध्याकडे रंधा चालवला, एकही कोपरा उडाला नाही. ज्या पट्टीला फट पडली होती, तिचे खांदे सरळ करताना ती दीड मिलिमीटर आखूड झाली, म्हणून समोरची पट्टीही तेवढीच आखूड केली. खाडीच्या हवेने पावसाळ्यात लोखंड गंजते, म्हणून रंधा तेलाच्या फडक्यात ठेवते, तुम्ही दिलेल्याच.

आई रोज सकाळी त्या टेबलावर हिशेबाची वही लिहिते. तुम्ही एकदा या. येताना तुमचा गुण्या आणा. खोलीतला दिवा मी बंद करीन, खिडकीचे एक दार लोटीन, आणि सोळाही खांदे तुम्ही सावकाश पाहा.

आपली कृतज्ञ,
मागच्या गल्लीतली