पोटामागच्या हवेबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबांच्या सीटी रिपोर्टमधल्या ‘रेट्रोपेरिटोनियल एअर’ (पोटाच्या पिशवीमागची हवा) या शब्दांबद्दल फोनवर अर्धवट बोलणं झालं, म्हणून नीट लिहिते.

बहुतेक आतडी एका पातळ अस्तराच्या पिशवीत असतात. त्या पिशवीच्या मागे, पाठीच्या बाजूला, किडन्या, स्वादुपिंड आणि ड्युओडेनमचा (जठरानंतरच्या आतड्याच्या पहिल्या भागाचा) बराचसा भाग असतो. बाबा, तुमची हवा तिथे आहे. ईआरसीपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून करतात त्या प्रक्रियेत, पित्तनलिकेचं तोंड कापून खडा काढतात. त्या कापातून, आतडं फुगवण्यासाठी दुर्बिणीतून सोडलेली हवा मागे झिरपू शकते. हल्ली त्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो लवकर शोषला जातो.

हवा किती दिसते यावरून आजार किती मोठा हे ठरत नाही. भरपूर हवा असूनही माणूस ठणठणीत असू शकतो, तेव्हा बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. उलट हवा थोडीच, पण भोकातून पित्त आणि आतड्यातला रस गळतोय, तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा: गळती चालू आहे का, आणि मागे पाणी साठलंय का? त्याचं उत्तर सीटीतच मिळतं, गरज पडली तर पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट (सीटीत उठून दिसणारं औषध) प्यायला देऊन. बेरियमचं कॉन्ट्रास्ट मात्र नाही; ते बाहेर गळलं तर नवाच त्रास. साध्या एक्स-रेत ही हवा किडनीच्या कडेने दिसते आणि कूस बदलली तरी फारशी हलत नाही, पण थोडी असेल तर नजरेतून सुटते.

पोट मऊ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गडबड मागे असल्याने पुढचं पोट कडक होईलच असं नाही. दुखणं पाठीत किंवा उजव्या कुशीत येतं. ताप, थंडी, वाढतं दुखणं, उलट्या, कमी लघवी, मानेची कातडी फुगून दाबल्यावर चुरचुरणं, यातलं काहीही झालं तर लगेच नर्सला सांगा. बाबांची बीपीची गोळी नाडी वाढू देत नाही, हे आठवणीने डॉक्टरांना सांग, आई. नाहीतर वाढत्या नाडीची धोक्याची खूण लपेल आणि नाडी ऐंशीची पाहून सगळे निवांत.

उपचार हवेवर नसतो, भोकावर असतो. तोंडाने काही नाही, पाण्याचा घोटही नाही, कारण त्यानेही आतड्यात रस सुटतो. नाकातून नळी, सलाईन, अँटिबायोटिक, आणि दिवसातून अनेकदा पोट तपासणं. कापाजवळचं छोटं भोक बहुधा एवढ्यानेच भरतं. कधी पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घालतात. दुर्बिणीनेच ड्युओडेनमची भिंत फाटली असेल, तर लगेच दुर्बिणीतून क्लिप लावून भोक बंद करणं किंवा ऑपरेशन. पाणी साठून ताप राहिला तर बाहेरून नळी घालून ते काढतात. ऑपरेशनला उशीर झाला की संसर्ग पसरतो आणि टाके धरत नाहीत, म्हणून सर्जनला सुरुवातीपासून बोलावतात. त्यांना पाहून घाबरू नका.

भोक बुजल्यावरही हवा सीटीत काही दिवस रेंगाळते. तेवढ्यासाठी पुन्हा सीटीचा हट्ट नको.

आई, तुझ्यापुरतं एक. मधुमेहात लघवीच्या संसर्गाचे जंतू कधीकधी किडनीत स्वतःच वायू तयार करतात. ताप आणि कुशीत दुखणं एकत्र आलं तर घरच्या घरी अँटिबायोटिक घेऊ नकोस. साखर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि सीटी त्याच दिवशी.

तुमची लेक