ॲलर्जीच्या लेकराचा थंड डबा गेटवर अडवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी लागली की लातूर, उदगीर, नांदेड, परभणीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स भरून माणसं निघतात. कुणी खोपोली-लोणावळ्याकडं जातं, कुणी हैदराबादकडं. मुलांना वॉटर पार्क, थीम पार्क दाखवायचा असतो. आम्हीही जातो. या पार्कांच्या गेटवर एक पाटी हमखास असते : बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई. ज्या लेकराला अन्नाची ॲलर्जी आहे, त्यानं या पाटीपुढं काय करायचं, हे विचारायला मी हे पत्र लिहीत आहे. आपण ते छापावं, ही विनंती.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला दुधाची ॲलर्जी आहे. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. न पचणाऱ्याचं पोट फुगतं, जुलाब होतात आणि तो बरा होतो. ॲलर्जीत मात्र चमचाभर ताक पोटात गेलं तरी काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, छातीत घरघर सुरू होते. कधी रक्तदाब उतरून जिवावर बेततं. दुधातलं केसीन हे प्रथिन उकळल्यानं, तळल्यानं नाहीसं होत नाही. ‘म्हशीचं देऊन बघ, शेळीचं देऊन बघ’ असं मायेनं सांगणारी माणसं आमच्याकडं खूप आहेत. पण या सगळ्या दुधांतली प्रथिनं इतकी मिळतीजुळती असतात, की गाईचं दूध ज्याला सोसत नाही अशा बहुतेक मुलांना तीही सोसत नाहीत.

‘आत सगळं मिळतं की ताई,’ असं गेटवर सांगतात. मिळतं, पण त्याला चालेल असं मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. पावभाजीचा तवा लोण्यानं माखलेला असतो. बटाट्याच्या काड्या ज्या तेलात तळतात, त्याच तेलात पनीरची भजी पडलेली असतात. ‘यात दूध नाही’ असं सांगणारा वाढपी खोटं बोलत नसतो, पण पावात दूध पावडर आहे की नाही हे त्याला कुठून माहीत असणार? पाकिटबंद मालावर दूध, शेंगदाणा, सोया, गहू, अंडी असे ॲलर्जीचे घटक छापणं २०२० च्या लेबलिंग नियमांनी सक्तीचं केलं आहे. पाकीट मी शब्द न् शब्द वाचून घेते. ताटातल्या पदार्थावर वाचायला काही नसतं.

म्हणून शिदोरी घरची. आता आपल्या मराठवाड्याची वाटेवरची शिदोरी म्हणजे दशमी आणि धपाटे. दशमी भिजवतात दुधात आणि धपाट्याचं पीठ मळतात दह्यात. माझ्या लेकराची दशमी मी गुळाच्या पाण्यात मळते, धपाटे काकडीच्या किसात. सोबत शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी. हे विनाबर्फाचं टिकतं आणि प्रवासात त्याचा मोठा आधार असतो. पण सकाळपासून पाण्यात खेळलेल्या मुलाला दुपारी नुसत्या कोरड्यावर भागवता येत नाही. त्याला वरणभात लागतो, उकडलेलं अंडं लागतं, बटाट्याची भाजी, सोया दूध, कापलेलं फळ लागतं. आणि उन्हात नेमकं हेच नासतं.

शिजलेलं अन्न ५ अंशांच्या खाली नाहीतर ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. मधल्या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात. शिजलेलं अन्न २ तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मी १ तासच धरते. रात्री ९ ला लातूर सोडलं आणि दुपारी १ ला जेवायचं म्हटलं तर मधे १६ तास जातात. रात्री थर्मासात भरलेली खिचडी इतका वेळ ६० अंशांवर राहत नाही. राहता राहिला बर्फ.

यात भाताचं मला फार भय वाटतं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं असतात. ती शिजवून मरत नाहीत. कोमट भातात हा जंतू वाढून जे विष सोडतो, ते पुन्हा गरम केल्यानंही जात नाही, आणि त्यानं उलट्या होतात. इतर मुलाला उलटी झाली तर आई पाठ चोळते, मीठ-साखरेचं पाणी पाजते. ॲलर्जीच्या मुलाला उलटी झाली की आईला काही मिनिटांत ठरवावं लागतं : कुठून दुधाचा कण पोटात गेला, की अन्न बाधलं? पहिलं असेल तर अंगावरच्या गांधी, श्वास बघत ॲड्रेनॅलिनचं, म्हणजे जिवावर बेतलेली ॲलर्जी आवरणारं, इंजेक्शन द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. त्या क्षणी डब्यातल्या भाताची शंका मनात असेल तर हात थबकतो, आणि तिथं थबकणं परवडत नाही. डबा थंड असण्याचा माझा आग्रह पहिल्यांदा यासाठी आहे. दुसरं कारण साधं आहे. इतरांचा डबा नासला तर ते वडापाव विकत घेतात. माझ्या लेकराचा नासला तर त्याला त्या दिवशी दुसरं जेवण नाही.

मी आरोग्यसेविका आहे. लसीकरणाच्या सत्राला पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, व्हॅक्सिन कॅरियर हा लस थंड ठेवायचा डबा येतो. त्यात चार आईसपॅक असतात आणि मधली लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, असा दंडक असतो. तो सरकारी डबा लसीसाठीच आहे, घरच्या कामाला मी त्याला हात लावत नाही. पण थंडावा राखायची रीत मी त्याच्याकडूनच शिकले.

असा थंडावा राखणारा डबा विकत घ्यायला हवाच असं नाही. मेडिकलवाल्याकडं इन्शुलिन ज्यातून येतं, ते जाड भिंतीचं थर्माकोलचं खोकं मागून बघा, बहुतेक जण आनंदानं देतात. पाण्याच्या बाटल्या गळ्यापर्यंत न भरता फ्रीझरमध्ये ठेवायच्या, कारण गोठताना पाणी फुगतं. आमच्याकडं लाईटीचा भरवसा नाही, म्हणून मी त्या दोन दिवस आधीच ठेवते. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. तेच एक किलो गार पाणी शून्यापासून १० अंशांपर्यंत चढताना जेमतेम १० ओढतं. म्हणजे काम करतो तो बर्फ. तो पुरता वितळला की नुसत्या गार पाण्याच्या भरवशावर भात ठेवायचा नाही.

अन्न दुपारीच शिजवायचं. भांडं परातीतल्या गार पाण्यात ठेवून लवकर निववायचं, मग फ्रीजमध्ये ठेवायचं आणि निघताना सगळ्यात शेवटी खोक्यात भरायचं. कोमट डबा खोक्यात गेला तर निम्मा बर्फ त्यालाच थंड करण्यात संपतो. डबे स्टीलचे, चपटे, घट्ट झाकणाचे असावेत. गार हवा खाली उतरते, म्हणून बाटल्या बाजूंनी लावून एक-दोन वरही ठेवायच्या. राहिलेल्या फटी सुती कापडानं भरायच्या. लसीच्या बाबतीत आईसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच आत घालत नाहीत. तो बाहेर ठेवतात, हलवल्यावर आत पाणी खळखळलेलं ऐकू आलं की मगच घालतात. पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस बी यांसारख्या लसी गोठल्या की वाया जातात, म्हणून ही काळजी. वरणभाताला ते बंधन नाही, त्यामुळं बाटल्या टणक असतानाच भरायच्या. काकडी, द्राक्षं, सोया दूध तेवढं कापडात गुंडाळून बर्फापासून लांब ठेवावं.

सत्रात आम्ही बाळ समोर आल्याशिवाय कॅरियर उघडत नाही. तोच नियम इथं. चटणी-भाकरी, बिस्किटं वेगळ्या पिशवीत ठेवावीत, म्हणजे जेवणापर्यंत खोक्याचं झाकण निघत नाही. ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोकं टाकू नये, तिथं फार तापतं. सीटखाली ठेवावं. वरून ओलं फडकं टाकलं तर आमच्या कोरड्या हवेत त्याचा चांगला उपयोग होतो. घाट उतरून खोपोलीच्या दमट हवेत गेलं की मात्र ते नुसतंच ओलं राहतं. फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा तापमापक डब्यांच्या मधे ठेवला तर अंदाजावर राहावं लागत नाही. काटा ५ च्या खाली असेल तरच मी वाढते. खोक्यातून निघालेला डबा त्याच बैठकीत संपवायचा, उरलेलं पुन्हा आत नाही.

इंजेक्शनाची ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, मात्र या खोक्यात ठेवू नये. ॲड्रेनॅलिन गोठू द्यायचं नाही, उन्हात तापू द्यायचं नाही आणि उजेडापासून जपायचं. ती पिशवी कायम माझ्या खांद्याला असते, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेच्या चिठ्ठीसकट.

एवढं सगळं करून एका मोठ्या पार्कच्या गेटवर आम्ही पोचलो. नाव लिहीत नाही. सिक्युरिटीच्या दादांनी खोकं उघडायला लावलं आणि म्हणाले, “ताई, हे लॉकरला ठेवा. नाहीतर गाडीत ठेवून या.” मी बालरोगतज्ज्ञांचं पत्र दाखवलं. त्यांनी ते नीट वाचलं, वरच्या साहेबांना फोन लावला, आणि उत्तर तेच आलं. दादांवर माझा राग नाही, त्यांना जे सांगितलं होतं तेच त्यांनी केलं. पण लॉकर होते पत्र्याच्या शेडमध्ये आणि गाडी उभी होती भर उन्हात. उन्हात बंद गाडीच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, तिथं कुठलाच बर्फ पुरत नाही. शेवटी माझे मिस्टर तिकीट काढलेलं असूनही खोकं घेऊन गेटबाहेरच्या झाडाखाली बसून राहिले. दुपारी लेकराला ओल्या कपड्यांनी बाहेर आणून आम्ही रस्त्याकडेला जेवू घातलं. आतली चुलत भावंडं एकत्र जेवत होती, आणि तो मला विचारत होता, “आई, मी काय केलंय?”

पार्कवाल्यांचा धंदा मला समजतो. सिनेमागृहांनी बाहेरचं खाणं अडवणं योग्य की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ३ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं मालकांचा तो अधिकार मान्य केला. पण प्रेक्षकांना पिण्याचं पाणी मोफत मिळावं आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांनी आणलेलं बेताचं खाणं अडवू नये, हेही त्यात आलं. तो निकाल सिनेमागृहांपुरता आहे. तरी धंद्याचा हक्क राखूनही ज्याला गरज आहे त्याच्यासाठी वाट ठेवता येते, हे त्यातून दिसतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कांत लोक स्वतःचं खाणं नेतात. मे २०१९ पासून तिथं सुटा बर्फ आणि ड्राय आइस बंद केला, पण बंदिस्त आईसपॅक चालतात, आणि कूलर केवढा असावा याचंही माप ठरलेलं आहे. माप ठरवा, सुटा बर्फ नको म्हणा, आम्ही पाळू. सरसकट नाही म्हणू नका.

आमचं मागणं फार नाही. डॉक्टरांचं पत्र असेल तर एका मुलापुरतं खोकं आत सोडावं. तपासताना झाकण उघडून बघावं, पण डब्यातल्या अन्नाला हात लावू नये, कारण त्याच हातांनी आधी दहा जणांचे पेढे-चिवडे चाचपलेले असतात. प्रत्येक पार्कात प्रथमोपचाराची खोली असते. तिथं एक छोटा फ्रीझर ठेवून वितळलेल्या बाटल्यांच्या बदल्यात गोठलेल्या बाटल्या द्याव्यात. वीज आहे, खोली आहे, माणूस आहे, मग अवघड काय आहे? त्याच खोलीत ॲड्रेनॅलिन आणि ते देऊ शकणारी नर्स असावी. आणि हे सगळं तिकिटावर मराठीत छापावं. म्हणजे औशाच्या, निलंग्याच्या माणसाला रात्रभर प्रवास करून गेटवर वाद घालावा लागणार नाही.

मुख्याध्यापकांनाही एक विनंती. सहलीच्या परवानगीपत्रात ‘मुलाला कशाची ॲलर्जी आहे?’ ही एक ओळ घाला. अशा मुलाला ‘तू घरीच राहा बाळ’ असं सांगणं सोपं असतं, आणि बऱ्याचदा तेच सांगितलं जातं. त्याऐवजी त्याचं खोकं कोणत्या बाई सांभाळणार, आणि पार्कवाल्यांशी कोण आधी बोलून ठेवणार, एवढं ठरवा. सहलीचे अर्ज दिवाळीनंतर निघतात. त्याआधी आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही शाळेनं बोलावलं, तर सुट्टीच्या दिवशी येऊन शिक्षकांना आणि पालकांना खोकं भरून दाखवायला मी तयार आहे. थर्माकोलचं खोकं आणि गोठवलेल्या बाटल्या मी घेऊन येईन.

आपली नम्र,
एक आरोग्यसेविका,
ता. औसा, जि. लातूर