होर्स्ट लाइटनर यांस, एका सांध्याबद्दल

श्री. होर्स्ट लाइटनर यांस,
सप्रेम नमस्कार.

फुल सस्पेन्शन (पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना धक्के शोषणारी यंत्रणा असलेल्या) माउंटन बाइक दुरुस्त करणाऱ्या आम्हा मंडळींचं हे पत्र. चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दांड्यावर), मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, जरा पुढे आणि खाली तुम्ही जो सांधा दिलात, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. तो आज तुमच्याच नावानं, ‘होर्स्ट लिंक’ म्हणून, ओळखला जातो.

ऑस्ट्रियातून कॅलिफोर्नियात आलेले तुम्ही मूळचे मोटोक्रॉसवाले, म्हणजे खडबडीत मातीच्या मार्गावरच्या मोटरसायकल शर्यतींतले. चेनचा ताण स्विंगआर्मला (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याला) कसा जखडतो हे तुम्ही तिथंच हेरलंत आणि तुमच्या एटीके मोटरसायकलींत त्यावर उपाय केलात. पुढे तुमच्या एएमपी रिसर्च कंपनीत हाच प्रश्न सायकलीसाठी हाती घेतलात.

एकाच पिव्होटच्या (फिरत्या सांध्याच्या) फ्रेममध्ये ॲक्सल आणि ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक आवळणारा भाग) दोन्ही स्विंगआर्मवर असतात. ब्रेक दाबला की कॅलिपरचा पीळ थेट स्विंगआर्मला बसतो, सस्पेन्शन आखडतं आणि खडकाळ उतारावर चाक उड्या मारतं. तुम्ही ॲक्सल आणि कॅलिपर सीटस्टेवर (सीटकडून मागच्या चाकाकडे येणाऱ्या वरच्या दांड्यावर) नेलेत. आता चाक चेनस्टे आणि रॉकर (सीटस्टेला फ्रेमशी जोडणारा छोटा दांडा) यांच्या रेषा जिथं छेदतात त्या बिंदूभोवती फिरतं, आणि सस्पेन्शन दबेल तसा तो बिंदू सरकतो. पिव्होट काही मिलिमीटर हलवून पेडलिंग आणि ब्रेकिंग वेगवेगळं जुळवायची मोकळीक बनवणाऱ्याला मिळाली, ती इथून. अर्थात, पिव्होटच्या जागा चुकल्या तर पेडल मारताना ही फ्रेमही डुलते.

पुष्कळ जण इथं फसतात: सांधा ॲक्सलच्या वर, सीटस्टेवर असेल तर ती होर्स्ट लिंक नव्हे. दांडे चार दिसले तरी ॲक्सल चेनस्टेवरच राहतो आणि चाकाचा मार्ग एका पिव्होटचाच असतो.

तुमचं पेटंट 1998 मध्ये स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीनं विकत घेतलं आणि तिच्या एफएसआर सायकलींमुळे हा सांधा जगभर पोचला. मुदत संपल्यावर तो सगळ्यांनाच खुला झाला.

आमच्या हातात तो येतो तो बहुधा करकरत. चाक काढायचं, शॉक (मागचे धक्के शोषणारा भाग) सोडवायचा आणि मागचा भाग हातानं वर-खाली करायचा. अडखळला तर बेअरिंग गेलं. मग आडवं हलवून सांध्यावर बोट ठेवलं की ढिलाई कुठली ते कळतं. ही बेअरिंग पूर्ण फेरा कधीच घेत नाहीत, काही अंशच हलतात. त्यामुळे गोळ्या एकाच जागी घासतात, ग्रीस बाजूला सरतं, पाणी शिरतं आणि कडीला खड्डे पडतात. म्हणून पिंजरा नसलेलं, गोळ्यांनी पूर्ण भरलेलं बेअरिंग घालावं. बसवताना प्रेसनं बाहेरच्या कडीवरच दाब द्यावा. हातोडीनं ठोकलं तर नवं बेअरिंगही तिथंच खराब होतं. बोल्टला थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून फ्रेमवाल्यानं दिलेल्या आकड्याइतकंच टॉर्क रेंचनं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं) आवळावं. शेवटी सॅग, म्हणजे स्वाराच्या वजनानं शॉक किती दबतो ते: शॉकचा स्ट्रोक (दबण्याचं एकूण अंतर) 50 मिमी असेल तर 30 टक्क्यांनी 15 मिमी, आणि तो स्वार नेहमीच्या सामानासह बसल्यावर मोजायचा.

आपले ऋणी,
सायकल दुरुस्त करणारे