दुर्बीण पोचली, आणि तिच्यासोबत कुसळंही

बडोदे,
रविवार, रात्री

प्रिय बंडू,

दुर्बीण काल दुपारी सुखरूप पोचली. खोकं उघडल्यावर आधी तुझ्या घरातल्या आमसुलांचा आंबूस वास आला, मग जुन्या सुती लुंगीत गुंडाळलेली ती दिसली. आजव्याच्या तळ्यावर आपण आळीपाळीने डोळ्याला लावायचो ती हीच, हे आमच्या हिने लांबूनच ओळखलं. भिंगं तू स्वतः पुसून पाठवलीस हे कळलं मला. प्राणी-पक्षी बघायला मॉरिशसला नेतोय त्या चौदा मुलांत आता सहा दुर्बिणी झाल्या. तुझे उपकार मानले तर तू रागावशील, म्हणून मानत नाही.

पण एक सांगायचंय. पट्टा गळ्यात अडकवून पाहिला तर शिवणीपाशी काहीतरी टोचलं. टेबलावरचा दिवा ओढला, चिमटा घेतला आणि बघतो तर कुसळ. तुमच्या सड्यावरच्या, त्या कातळाच्या माळावरच्या गवताचं. मग दुर्बिणीच्या पाकिटाचं अस्तर उलटं केलं, चेनच्या दातांतून सुई फिरवली. सगळी मिळून सतरा निघाली. ओढून निघत नाहीत रे ती. खालच्या टोकाला तांबूस केस असतात, सगळे मागे वळलेले. त्यामुळे कुसळ आत शिरतं ते शिरतच जातं. एक मी ओल्या बोटावर ठेवून पाहिलं. पाणी लागताच त्याची पिळदार शेपटी हळूहळू उलगडायला आणि गोल फिरायला लागली. पाऊस पडला की ते असंच स्वतःला जमिनीत रुतवून घेतं. वर्षानुवर्षं पट्ट्यात कोरडं पडून राहिलं तरी ही विद्या ते विसरलेलं नाही. मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

हे तक्रार म्हणून लिहीत नाही. आपल्या नकळत बिया सामानाला चिकटून परमुलखात जातात, गेले दोन महिने मी मुलांना जे सांगतोय ते नेमकं हेच आहे, आणि ते तुझ्या पाकिटातून निघालं म्हणून सविस्तर लिहितोय.

तू फोनवर विचारलं होतंस, बेटावरच्या प्राण्यांचाच अभ्यास करायचा तर अंदमान काय वाईट? परदेश कशाला? तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. अंदमान वाईट नाहीच. पण मॉरिशस हे असं बेट आहे की जिथे माणसाने केलेला नाश आणि त्याच माणसाने हाताने केलेली डागडुजी, दोन्ही एका दिवसाच्या अंतरात बघता येतात. नाशाची गोष्ट तुला ठाऊक आहे. १५९८ मध्ये डच उतरले आणि शंभर वर्षांच्या आत तिथला न उडणारा पक्षी, डोडो, संपला. मुलांना वाटतं ही कुठली तरी दूरची कथा. म्हणून मी त्यांना सुरतेची गोष्ट सांगितली. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात होता. सुरतेत आपण दोन डोडो पाहिले असं त्याने लिहून ठेवलंय. जहांगिराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या हातचं मानलं जाणारं डोडोचं चित्र आज रशियात, सेंट पीटर्सबर्गला आहे. सुरत म्हणजे इथून रेल्वेने दोन तास! वर्ग एकदम गप्प झाला. आपल्या शेजारच्या बंदरात डोडो चालला होता, हे ऐकल्यावर तो पक्षी त्यांना पहिल्यांदा खरा वाटला असावा.

पण मला मुलांना दाखवायचाय तो डोडो नाही, तिथला ससाणा. मॉरिशस केस्ट्रेल. एवढासा पक्षी. जंगल तुटलं, वर मलेरियासाठी डीडीटी फवारलं गेलं आणि १९७४ मध्ये रानात त्याचे फक्त चार पक्षी माहीत होते. अख्ख्या जगातल्या रानांत मिळून चार, बंडू. बहुतेक जाणकारांनी हात टेकले होते. १९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा तरुण तिथे गेला. त्याची युक्ती तुला आवडेल. मादीने घातलेली पहिली अंडी उचलायची, म्हणजे ती पुन्हा घालते. उचललेली उबवायच्या यंत्रात उबवायची, पिल्लं हाताने भरवायची, मोठी झाली की सोडायची आणि सोडल्यावरही खायला देत राहायचं. वर्षानुवर्षं तेच काम. आता ते ससाणे शेकड्यांनी मोजतात. तिथल्या गुलाबी कबुतराचंही तसंच. १९९० च्या आसपास रानात दहाएक उरले होते, ते आज काही शे आहेत. मुलांनी ससाण्याचं कड्यावरचं घरटं एकदा दुरून तरी बघावं एवढीच माझी इच्छा. दिवाळीच्या सुट्टीत जातोय, तेव्हा ससाण्यांचा विणीचा हंगाम चालू असतो.

आता या तयारीत मला स्वतःला जे उमगलं ते सांगतो. तिथे उपऱ्या प्राण्यांनी काय केलं याची टिपणं काढत होतो. यादी करता करता थांबलो आणि उठून गॅलरीत गेलो. समोर तारेवर साळुंकी. ती तिकडे आपल्याच देशातून नेली, १७६२ च्या सुमारास, तिने टोळ खावेत म्हणून. शेजारच्या जास्वंदीवर शिपाई बुलबुल. तोही तिकडे गेलेला, आणि रानातल्या तणांच्या बिया पसरवत फिरतो. आंब्यावरचा राघू तिथे जंगली झाला आणि तिथल्या मूळच्या पोपटाशी ढोलीवरून भांडतो. मुंगूस उंदरांच्या बंदोबस्तासाठी नेलं. चिचुंद्री आणि कवड्या साप मालाबरोबर जहाजातून गेले, आता तिथल्या पाली आणि सापसुरळ्यांच्या जिवावर उठलेत. म्हणजे माझ्या अंगणात जे जे बागडतं, ज्याच्यावर मी लहानपणापासून जीव लावला, ते सगळं तिथे संकट होऊन बसलंय. दोष त्यांचा नाही. त्यांना कुणीतरी नेलं. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून तयारीचा रोखच बदलला. पूर्वी यादीत टोपी, रेनकोट, वह्या हे आधी होतं. आता पहिल्या ओळीत बूट. गेल्या रविवारी चौदाही मुलांना आमच्या गच्चीवर बोलावलं. प्रत्येकाने आपले बूट, सॅक, मोजे आणायचे. खाली पांढरी चादर अंथरली, हातात जुना दातांचा ब्रश आणि सुई. तळव्याच्या खाचा, नाडीची भोकं, सॅकच्या चिकटपट्ट्या, पँटीच्या दुमडी, सगळं झाडायचं. तीन तासांनी चादरीवर जे जमलं ते चहाच्या बशीत मावलं: गोखरू, आघाड्याच्या बिया, गाजरगवत, मातीचे गोळे आणि एक अख्खी मेलेली गोगलगाय. एका मुलीच्या सॅकमध्ये जांबुघोड्याच्या जंगलातली टेंभुर्णीची बी सापडली. तिला सांगितलं, मॉरिशसला काळ्या लाकडाची जी झाडं डचांनी तोडून नेली ती या टेंभुर्णीच्याच कुळातली. तिने ती बी मुठीत धरून ठेवली, टाकेना.

एका मुलाच्या आईने तुळशीच्या मंजिऱ्यांची पुडी करून ठेवली होती. तिथल्या मराठी घरात द्यायची म्हणून. किती मायेने बांधली होती, बारीक दोऱ्याने! मला नाही म्हणावं लागलं. घरी जाऊन बसलो, सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, सर, तुळस कधी कुणाचं वाईट करते का? यावर मी काय बोलणार? शेवटी त्यांनी मंजिऱ्यांऐवजी खणाचं कापड दिलं. ताजी फळं, फुलं, बिया काही न्यायचं नाही, आणि औषधं न्यायची तर डॉक्टरची चिठ्ठी हवी, हे आम्ही पालकांना मराठी आणि गुजराती दोन्हींत लिहून दिलंय. व्हिसा आपल्या लोकांना आधी काढावा लागत नाही, उतरल्यावर देतात, तेवढी एक धावपळ वाचली.

बाकी सराव कमाटीबागेत चाललाय. पहाटे सहाला. एकाने एकच ढोली घ्यायची आणि दोन तास हलायचं नाही, दर मिनिटाला काय दिसलं ते लिहायचं. पहिल्या दिवशी एका मुलीच्या वहीत ओळीने ‘काही नाही, काही नाही’ असंच होतं. चौथ्या दिवशी तिने मला वही दाखवली. साळुंकी आत जाण्याआधी दर वेळी त्याच एका फांदीवर थांबते, चोचीत चारा असला तर जास्त वेळ थांबते, आणि खालून माणूस जात असला तर आत जातच नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, आमची सहल त्या दिवशीच सुरू झाली.

एका मुलाने मध्येच नाव काढून घेतलं. घरी काम आहे म्हणाला. वडील सेव-उसळीची गाडी लावतात, मी समजलो. मुलांनाच कसं कळलं कोण जाणे, पण त्यांनी ठरवलं की हॉटेल नको, साधी राहायची जागा घ्यायची आणि स्वयंपाक पाळीपाळीने करायचा. त्यात बरेच पैसे वाचले, उरलेले आम्ही काही जुन्या विद्यार्थ्यांकडून जमवले. तो येतोय. गर्दीत पक्षी हेरायला त्याच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही.

प्रवासवाल्यांचं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. नाव लिहीत नाही. त्यांनी कार्यक्रमात आम्हाला न विचारता डॉल्फिनबरोबर पोहणं घातलं होतं. ते डॉल्फिन रात्रभर समुद्रात शिकार करून सकाळी किनाऱ्याजवळ विसाव्याला येतात आणि नेमक्या त्याच वेळी बोटी त्यांना घेरतात. प्राण्यांचा अभ्यास करायला जाणाऱ्यांनी त्यांची झोप मोडायची? मी ते कापायला लावलं. पैसे कमी होणार नाहीत म्हणाले. नाही तर नाही.

ज्याची मी सर्वांत जास्त वाट बघतोय ते एवढंसं बेट आहे, ईल ओ एग्रेत. आग्नेय किनाऱ्यापासून जेमतेम आठशे मीटर, क्षेत्र २६ हेक्टर. तिथले उंदीर काढून टाकले, तण हाताने उपटलं, मूळची झाडं लावली, गुलाबी कबुतरं आणली. आणि कासवं. मॉरिशसची स्वतःची मोठी कासवं खलाशांनी खाऊन संपवली. त्यांच्या जागी हिंदी महासागरातल्याच आल्डाब्रा बेटावरची आणली, २००० साली. ती कासवं तिथल्या काळ्या लाकडाच्या झाडाची फळं खातात, आणि त्यांच्या पोटातून आलेली बी जास्त चांगली रुजते. बघ, तिथे बी कासवाच्या पोटातून जायला हवी आणि आमच्या बुटातून जायला नको. मुलांना एवढं समजलं तर माझं शिकवणं झालं.

२०२० मध्ये वाकाशियो हे जहाज तिथेच जवळ खडकावर चढलं आणि हजारेक टन तेल समुद्रात सांडलं. तेव्हा गावकऱ्यांनी ऊसाचा पाला कापडात भरून त्याचे लांब बांध केले आणि पाण्यात सोडले. त्या किनाऱ्यावरच्या एखाद्या माणसाशी मुलांनी बोलावं असं फार वाटतं.

आणि तुझ्यासाठी एक काम. तिथले मराठी लोक बहुतेक तुमच्या रत्नागिरीकडून गेलेले, ऊसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून. गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते. मुलांना तिथल्या घरांत जाऊन विचारायचंय की रान पूर्वी कसं होतं, आजी-आजोबा कुठली झाडं-पाखरं सांगायचे. तर तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांकडून झाडांची, पाखरांची जुनी नावं लिहून पाठव. पुस्तकातली नकोत, बोलण्यातली हवीत. त्यातलं एखादं नाव तिकडे अजून जिवंत असेल तर बघायचंय. गणपतीत सगळे गावी येतात, तेव्हाच विचार.

दुर्बीण मी रोज सकाळी बागेत नेतोय. चाक किंचित अडखळतं, उजवीकडे वळवताना. ते तसंच राहू देतो, आपल्या बोटांना त्याची सवय आहे.

सतरा कुसळं कागदाच्या पुडीत बांधून या पत्राच्याच पाकिटात ठेवली आहेत. ती तुमच्याकडची आहेत. पाऊस आहे तोवर सड्यावर टाक.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अप्पा