ठरलेल्या करड्या पडद्याऐवजी चकचकीत फ्लेक्स लावल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
समारंभ छायाचित्रण विभाग

विषय : सहस्रचंद्रदर्शन सोहळ्यातील व्यक्तिचित्रांसाठी परस्पर बदललेला बॅकड्रॉप, पुन्हा छायाचित्रण व रकमेचा परतावा.

महोदय,

माझ्या वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शन सोहळ्यातील औपचारिक व्यक्तिचित्रांचे काम मी आपल्या कंपनीकडे सोपवले होते. आपल्या कोटेशनमध्ये ‘करडा मस्लिन पडदा, १० बाय २० फूट’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. प्रत्यक्षात मात्र मंगल कार्यालयात सोनेरी वेलबुट्टी छापलेला, मरून रंगाचा ८ बाय ८ फुटांचा चकचकीत फ्लेक्स भिंतीला टेकवून उभा केलेला होता. विचारणा केली असता ‘समारंभाला असाच रिच लूक लागतो’ असे उत्तर मिळाले आणि धार्मिक विधी सुरू होण्याच्या बेतात असल्याने तेथे वाद घालणे शक्य झाले नाही.

करडा पडदा निवडताना मी बराच विचार केला होता. वडिलांचे केस पूर्ण पांढरे, सदरा मोतिया रेशमाचा, आईची पैठणी मरून आणि भावांचे सूट गडद निळे असल्यामुळे ही सर्व माणसे एकाच चौकटीत नीट उठून दिसण्यासाठी मधल्या छटेची, नक्षी नसलेली पार्श्वभूमी आवश्यक होती. करड्या कापडावर उजेड कमी पडू दिला की ते काळपट दिसते आणि स्वतंत्र दिवा टाकला की जवळजवळ पांढरे होते, हे नमुना दाखवताना आपल्याच प्रतिनिधीने मला समजावून सांगितले होते.

हाती आलेल्या छायाचित्रांत आईच्या पैठणीचा रंग फ्लेक्सच्या रंगात इतका मिसळला आहे की खांद्याची कड दिसत नाही आणि पदराचे जरीकाठ तेवढे अधांतरी लोंबत असल्यासारखे भासतात. गुळगुळीत फ्लेक्सवरून परतलेल्या फ्लॅशच्या उजेडाचा पांढरा गोल नेमका वडिलांच्या डोक्यामागे आला असून ते कॅलेंडरवरच्या देवासारखे दिसत आहेत; वडिलांना स्वतःला हे मुळीच रुचलेले नाही. पडद्यापासून किमान पाच-सहा फूट पुढे माणसे उभी केली असती, तर सावल्या चौकटीबाहेर जमिनीवर पडल्या असत्या आणि मागची लाल झाक पांढऱ्या केसांवर उतरली नसती. तेवढी जागा कार्यालयात होती. शिवाय आठ फुटांच्या रुंदीत आमचे कुटुंब मावले नाही, त्यामुळे दोन्ही टोकांना भिंतीवरचा स्विचबोर्ड आणि पंख्याचा रेग्युलेटर छायाचित्रात आला आहे.

याबाबत दूरध्वनी केल्यावर आपण संगणकावर पार्श्वभूमी बदलून देण्याची तयारी दाखवली आणि तसा एक नमुनाही पाठवला. त्यात वडिलांचे विरळ केस कडेने कातरले गेले असून गालांवरची लाल झाक तशीच राहिली आहे. हा उपाय मला मान्य नाही.

आई-वडिलांचे स्वतंत्र व्यक्तिचित्र आमच्या घरी येऊन, कोटेशनमध्ये लिहिलेल्याच पडद्यावर, विनाशुल्क पुन्हा काढून द्यावे. माझा धाकटा भाऊ परदेशी परतला असल्याने संपूर्ण कुटुंबाचे छायाचित्र आता पुन्हा काढता येणार नाही. त्यापोटी घेतलेली रक्कम परत करावी आणि त्या दिवशीच्या सर्व मूळ रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातील, संस्कार न केलेल्या) माझ्या स्वाधीन कराव्यात. विधींची छायाचित्रे चांगली आली आहेत आणि त्यांच्या देयकाविषयी माझी कोणतीही हरकत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी माझ्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. कोटेशनची प्रत, पैसे भरल्याची पावती आणि संबंधित छायाचित्रे सोबत जोडली आहेत. वडिलांची प्रकृती लक्षात घेता, पुन्हा छायाचित्रणासाठी सकाळी दहाच्या सुमाराची वेळ द्यावी आणि पडदा आदल्या दिवशी मला दाखवावा, ही विनंती.

कळावे.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)