मांडवाची फुलं आपल्याच वावरातली

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा एकदम गप्प झाले, ते मला कळलं. "डेकोरेशनवाल्याला नाही म्हणून सांगा" असं मी घाईत बोलून गेले. ती गोष्ट समोर बसून, चहा पीत बोलायची होती. आता पुण्याहून लगेच निघणं होत नाही, म्हणून हे पत्र. आई, तूच वाचून दाखव. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांच्या डोळ्यांना इतक्यात ताण नको.

त्या माणसाने स्टेज, कमान, गाडी आणि हार मिळून 85,000 सांगितले. त्यात बाहेरून मागवायची ऑर्किड आहेत, कार्नेशन आहेत. फुलं सुंदरच आहेत, पण ती माझी कोण? आणि बाबा, त्यासाठी तुम्ही घरातली सोयाबीनची पोती काढायला निघालात, हे आईने मला सांगितलंय. भाव नसताना ती काढू नका. माझ्या लग्नाच्या फुलांसाठी तर मुळीच नको.

ताईचं लग्न आठवतं तुम्हाला? 2016 चा मे महिना. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणत होते. आपल्या बोअरला घागरभर पाणी येत नव्हतं, आणि तरी तुम्ही लेकीच्या मांडवात काही कमी पडू दिलं नाही. फुलं आदल्या रात्री लांबून आली होती. दुपारी मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा करपून तपकिरी झाल्या होत्या. रात्री वऱ्हाड गेल्यावर मी पाणी प्यायला उठले, तर बाबा, तुम्ही एकटे खराट्याने ती फुलं गोळा करत होता. त्या लग्नाचं देणं फिटायला तीन वर्षं लागली, हे मला खूप पुढे कळलं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की माझ्या वेळी असं होऊ द्यायचं नाही.

म्हणून तर मी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यावर अडून बसले. ऊन अजून डोक्यावर आलेलं नसतं, विहिरीला, बोअरला पाणी असतं, आणि 14 फेब्रुवारी उलटल्यावर गुलाबाचा चढलेला भावही उतरतो.

बाबा, आता तुमच्याकडे मागणं आहे. हरभऱ्यात घाटेअळीसाठी तुम्ही दरवर्षी झेंडूच्या ओळी घालता. या वर्षी वावरातल्या आखाड्याजवळचे, त्या शेतघराजवळचे, दोन गुंठे फक्त झेंडूला द्या. दोन फूट बाय एक फुटावर गुंठ्यात साडेपाचशेच्या आसपास रोपं बसतात. मर धरून 1,200 घ्या. रोपवाटिकेत रोपाला तीन रुपये पडतील, म्हणजे 3,600. डिसेंबरच्या मध्यावर लावली तर दोन-सव्वादोन महिन्यांत ऐन बहर आपल्या तारखेला सापडतो. तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडायचे, म्हणजे फांद्या फुटतात आणि फूल वाढतं, हे मी तुम्हाला काय सांगायचं! एवढंच करा, की आधी उमललेली फुलं औशाच्या बाजारात जाऊ द्या, पण लग्नाच्या आठवडाभर आधीपासून एकही तोडू नका. दोन तोडण्यांत 70 किलो निघाली तरी आपलं भागतं. मागे राहिलेली झाडं पाडव्यापर्यंत फुलं देतील, ती तुम्ही विका.

70 किलो हा आकडा मी हवेत काढलेला नाही. गेल्या रविवारी पहाटे मार्केट यार्डाच्या फुलबाजारात जाऊन 5 किलो झेंडू आणला आणि खोलीत बसून ओवला. किलोत 110 फुलं भरली आणि नऊ फुटांची गच्च माळ झाली. पाच फुलांमागे आंब्याचं एक पान घातलं तर माळ आणखी लांबते आणि दिसतेही भरदार. सुई देठाच्या हिरव्या भागातून घालायची; पाकळ्यांतून घातली की फूल सुटतं. पहिल्या रात्री मी एक चूकही केली. फुलं ताजी राहावीत म्हणून वरून भरपूर पाणी मारलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी पिशवी उघडली तर आत घाम सुटलेला, मधली फुलं काळी पडून चिकट झालेली, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. उरलेली मी ओल्या बारदानावर एक थर पसरून पंख्याखाली ठेवली होती, ती दुसऱ्या संध्याकाळीही टवटवीत होती. तेव्हा आपल्याकडे माजघरातली जमीन रिकामी करून बारदानं अंथरायची. जवळ केळी किंवा पिकलेली फळं ठेवायची नाहीत, त्यांनी फुलं लवकर मान टाकतात.

स्टेजला मागे झेंडूच्या माळा, आणि दोन्ही बाजूंना आजीच्या तांब्याच्या घागरींत ज्वारीची कणसं. त्या दिवसांत शाळू पिकलेलाच असतो, पेंढीभर ताटं कणसासकट कापली की झालं. आणि करडई! करडईचं केशरी फूल मला लहानपणापासून आवडतं, पण काट्यांमुळे कोणी हात लावत नाही. जानेवारीत ती रंगात असताना हातात जाड कापड धरून कापा, आणि जुड्या बांधून माळवदाखाली सावलीत उलट्या टांगा. वाळल्यावरही रंग टिकतो. ऑर्किडपेक्षा मला ती घागरीत जास्त आवडेल, हे अगदी मनापासून लिहितेय.

मांडवडहाळे नेहमीसारखेच, बैलगाडीतून वाजतगाजत. फक्त आंब्याला तेव्हा मोहोर असेल. मोहोराची फांदी तोडू देऊ नका, विहिरीवरच्या ज्या झाडाला यंदा मोहोर नसेल त्याचेच डहाळे घ्या.

सगळं घरीच करायचं असा माझा हट्ट नाही. वरमाला लातूरच्या फुलाऱ्याकडूनच आणू. गुलाब-निशिगंधाचा जड हार बांधणं हा हातचा हुन्नर आहे, तो चार दिवसांत येत नाही. दोन हारांचे 3,000 मी धरलेत. निशिगंध 8 किलो त्याच पहाटे कळीत आणायचा, संध्याकाळपर्यंत तो उमलतो आणि मांडवात वास दरवळतो. तोडणीला आणि माळा करायला ज्या सहा जणी येतील, त्यांना दोन दिवसांची मजुरी आणि जेवण. "घरचंच कार्य आहे" म्हणून त्यांना फुकट राबवायचं नाही. हे सगळं, शिवाय गुलाबाच्या गड्ड्या, बांबू, दोरा धरून बेरीज 16,500 होते. झेंडू कमी पडला तर बाजारातून आणायला 1,500 वेगळे ठेवलेत. म्हणजे 18,000, आणि ते माझ्या पगारातून मी बाजूला काढलेत.

आई, आता तुझं. मोगऱ्याचा गजरा हवा म्हणालीस, पण मोगरा खरा बहरतो उन्हाळ्यात. माघ-फाल्गुनात मिळाला तरी महाग आणि थोडा. मला निशिगंधाची वेणी चालेल. नव्हे, मला तीच हवीय, पण तुझ्या हातची. तू दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून बसायचीस, केळीचं ओलं सोपट दाताने चिरायचीस, आणि सुई न घेता दोन-दोन कळ्या समोरासमोर ठेवून गाठ मारत जायचीस. मी बाजूला बसून कळ्या मोजून द्यायची. तुझी नजर माझ्याकडे आणि बोटं आपली चालूच. आता सकाळी तुझी बोटं आखडतात, मला माहीत आहे. म्हणून माळांना तू हात लावायचा नाहीस. पाटावर बसून पोरींना दाखवायचं. फक्त माझ्या मुंडावळ्या आणि ती एक वेणी तू कर, दुपारी, ऊन अंगावर घेऊन बोटं सैल झाल्यावर.

लोक काय म्हणतील, ही बाबांची काळजी मला कळते. परभणीच्या मंडळींशी यांनी स्वतः बोलून घेतलंय. सासूबाईंनी उलट विचारलं की त्यांच्या अंगणातली शेवंती तोपर्यंत राहिली तर आणू का. आणि गावातलं कोणी विचारलंच, तर बाबा, सांगा की झेंडू मी लावला, लेकीसाठी. ताईच्या लग्नात तुम्ही फुलांचे पैसे दिले होते. या वेळी मला तुम्ही वाढवलेली फुलं हवीत. मंगलाष्टकांच्या वेळी मान वर केली की तुमचं वावर दिसायला हवं.

मी 20 तारखेला येते, आठ दिवसांची रजा टाकलीय. तोवर ओसरीच्या खांबांची उंची आणि दोन खांबांतलं अंतर तेवढं मोजून ठेवा, म्हणजे माळांचा हिशोब पक्का करता येईल. गुडघ्याला त्रास देऊन शिडीवर चढू नका, दादाला चढवा.

तुमची लेक

ता. क. बाबा, रोपं निम्मी नारंगी, निम्मी पिवळी घ्या. आईला पिवळा आवडतो, ती स्वतःहून सांगणार नाही.